ताप निवतो तेव्हां

रुग्णाचा ताप उतरला, कीं घरांतल्यांचा जीव भांड्यांत पडतो. या उतरण्याला डॉक्टरी शास्त्रांत 'डिफर्व्हेसन्स' असा जिभेला जड जाणारा शब्द आहे. त्याचा उगम मात्र चुलीपाशीं सांपडतो. लॅटिन भाषेंत 'फर्व्हेरे' म्हणजे उकळणें, 'फर्व्हेस्केरे' म्हणजे उकळूं लागणें; आरंभीं 'डे' हा उपसर्ग लागला, कीं उकळी ओसरणें. सोड्याची बाटली उघडतांच जें फसफसतें, तें 'एफर्व्हेसन्स'ही याच घराण्यांतलें. आपल्या मराठींत 'निवणें' हें क्रियापद आहे. दूध निवतें, तसें अंगही निवतें. मला तर हा शब्द लॅटिनाहून गोड वाटतो.

लायप्झिगच्या वुंडरलिख या वैद्यानें सुमारें २५ हजार रुग्णांचीं उष्णतामानें अभ्यासून १८६८ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. तापाच्या चढउताराला प्रत्येक रोगांत कांहीं वळण असतें, हें त्यानें दाखविलें. तो एकाएकी उतरला तर 'क्रायसिस', म्हणजे निर्णय. हळूहळू उतरला तर 'लायसिस', म्हणजे सुटणें. हे दोन्ही शब्द ग्रीक.

परंतु उकळी बसली म्हणजे दुखणें गेलें, असें हा शब्द म्हणत नाहीं. चरकसंहितेंत तर ज्वर सुटत असतांनाचीं लक्षणें निराळीं आणि ज्वरमुक्ताचीं निराळीं सांगितलीं आहेत. सुटत्या ज्वरांत रुग्ण कण्हतो, ओकतो, घामानें भिजून कांपतो. मुक्त झालेल्याची ग्लानि, दाह व व्यथा जाऊन इंद्रियें प्रसन्न होतात. आपल्या बायाबापड्याही 'अंग निवलें' आणि 'हातपाय गार पडले' यांत कधीं गफलत करीत नाहींत.

डेंग्यूच्या तापांत हा भेद जिवावरचा ठरतो. बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो, आणि नेमक्या त्याच सुमारास कांहीं रुग्णांच्या रक्तवाहिन्यांतून रक्तद्रव बाहेर पाझरूं लागतो. हा धोक्याचा काळ साधारणतः २४ ते ४८ तासांचा. घरचीं माणसें मात्र थर्मामीटर पाहून निर्धास्त होतात! पोटांत तीव्र कळा, न थांबणारी ओकारी, हिरड्यांतून किंवा नाकांतून रक्त, विलक्षण मरगळ अथवा तगमग, यांपैकीं एकही चिन्ह दिसलें, तर पारा खालीं असला तरी रुग्णाला तत्काळ रुग्णालयांत न्यावें.