आठवीच्या पुढचं मैदान



धानाची चुरणी आटोपली आहे. मंडया होऊन गेल्या, दंडारीचे ढोल थांबले, आता शंकरपटाचे आणि रात्रीच्या कबड्डीचे दिवस आले. संध्याकाळी इकडे सौंदडला येताना रेल्वेरुळाच्या कडेच्या एका बांधीत सात-आठ पोरं कबड्डी खेळताना दिसली. धानाची धसकटं उपटून टाकलेली आणि चुना नाही म्हणून चुलीतल्या राखेनं रेघा आखलेल्या. मी पाच मिनिटं धुऱ्यावर उभा राहिलो. एका पोरानं चढाईत हुलकावणी दिली आणि पाय असा काही काढून घेतला, की असा पाय शिकवायला मला दोन वर्षं लागली असती.

आपल्या झाडीपट्टीतल्या मुलांना खेळाची गोडी लावावी लागत नाही, ती घेऊनच ती जन्माला येतात. म्हणून ‘मुलांनी खेळावं’ एवढंच सांगायला मी आलेलो नाही. मी या गोंदिया जिल्ह्यातल्या हायस्कुलांत ३१ वर्षं शारीरिक शिक्षण शिकवलं. त्या अनुभवावरून मला आज सांगायचं आहे ते असं: आपल्याकडे मुलांचं मैदान आठवीनंतर काढून घेतलं जातं. कोणी एक जण काढून घेत नाही. कायदा, जेवणाचं ताट, वेळापत्रक आणि आपण घरची माणसं मिळून ते थोडं थोडं काढून घेतो. उरतं ते पीटीच्या सरांच्या अंगावर टाकतो आणि ‘यंदा जिल्ह्याला का नाही गेले?’ असं त्यांनाच विचारतो.

आधी परंपरेचं सांगतो, कारण ती आपल्याला लाज वाटण्यासारखी मुळीच नाही. माझ्यासारखे विदर्भातले कितीतरी शिक्षक अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात घडले. १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केलेल्या या संस्थेचं पथक १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळी थेट बर्लिनला गेलं आणि आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं जगाला दाखवून आलं. अलीकडचंही आठवा. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही गटांत भारत जिंकला आणि दोन्ही संघांचे कर्णधार आपल्या महाराष्ट्राचे होते, प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे. खो-खोला काय लागतं? दोन खांब, सत्तावीस मीटर लांब नि सोळा मीटर रुंद अशी सपाट जमीन, आणि शिकवणारा माणूस. जमीन आपल्याकडे आहे. शिकवणाऱ्या माणसाचं काय होतं, ते सांगतो, पण आधी वेळापत्रक.

शालेय स्पर्धांचा क्रम आपल्याला माहीत आहे. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालचे तीन गट. तालुक्याच्या स्पर्धा साधारण ऑगस्टपासून लागतात आणि पुढच्या पायऱ्या दिवाळीच्या आसपास येतात. आता आपल्या भागातलं वर्ष डोळ्यांसमोर आणा. जुलै-ऑगस्ट म्हणजे रोवणा, धानाची लावणी. मैदानात घोटाभर चिखल आणि अर्धी मुलं परे उपटायला. ऑक्टोबरात हलका धान कापणीला येतो, तेव्हा पुन्हा वर्ग रिकामे. ज्या दोन-अडीच महिन्यांत संघ बांधायचा, सराव घ्यायचा, फॉर्म भरायचे, त्याच दिवसांत संघ बांधीत वाकलेला असतो. हिवाळ्यात मैदान कोरडं होतं, हवा छान पडते, मुलं मोकळी होतात, तेव्हा स्पर्धांचा हंगाम उलटून दहावीच्या सराव परीक्षा आलेल्या असतात.

माझ्या खो-खो संघात एक मुलगी होती. पाठलागात अशी, की समोरच्या संघाचे शिक्षक उठून उभे राहायचे. तालुक्याच्या स्पर्धेआधी आठ दिवस तिची आई शाळेच्या फाटकाशी आली आणि म्हणाली, “गुर्जी, रोवना लागला जी. पोरगी धा दिवस नाई येनार. खेरून का पोट भरते?” त्या माउलीला मी काय उत्तर देणार होतो? रोवण्याची मजुरी हातात पडते तेव्हाच त्या घरात वह्या येतात. तिचं म्हणणं चूक नव्हतंच. चूक त्या वेळापत्रकाची होती. पूर्व विदर्भातला धानाचा हंगाम ध्यानात घेऊन आमच्या तालुक्यांच्या स्पर्धा महिना-दीड महिना पुढे ढकलता येणार नाहीत का, हे आम्ही शिक्षकांनी संघटितपणे, लेखी, वर्षानुवर्षं मागायला हवं होतं. आम्ही ते पुरेसं मागितलं नाही.

आता शाळेच्या आत या. वेळापत्रकात पीटीच्या तासिका लिहिलेल्या असतात. सहामाही झाली की दहावीच्या तासिका गणिताला जातात. कोणी शिक्षक रजेवर गेला की त्याचा वर्ग पीटीच्या सरांकडे. प्रार्थनेच्या रांगा, गणवेशाची तपासणी, २६ जानेवारीचं संचलन, स्नेहसंमेलनाचा मंडप, निवडणुकीची ड्यूटी, खेळाडूंची ऑनलाइन नोंदणी, सगळं त्यांच्याचकडे. शिवाय बहुतेक शाळांत भूगोल नाहीतर हिंदी शिकवणं आहेच. या सगळ्यातून उरलेल्या वेळात, म्हणजे सकाळी शाळेआधी आणि संध्याकाळी शाळेनंतर, तो प्रशिक्षक होतो. एकच माणूस कबड्डी, व्हॉलीबॉल, उंच उडी, गोळाफेक आणि कुस्ती शिकवतो. पुष्कळ शाळांत तर संचमान्यतेत, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत, हे पदच बसत नाही, आणि विज्ञानाचे एखादे हौशी सर शिट्टी गळ्यात अडकवतात. त्यांना मी इथून नमस्कार करतो.

आठवीनंतर मैदान काढून घेणारी पहिली रेघ इथे येते, ती कायद्याची. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळेला क्रीडांगण असावं असं सांगितलं, खेळाचं साहित्य सांगितलं. सहावी ते आठवीत शंभराहून अधिक विद्यार्थी असतील, तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अर्धवेळ निदेशकही सांगितला. चांगला कायदा आहे. पण आपल्या पाड्या-टोल्यांवरच्या किती शाळांत तीन वर्गांची पटसंख्या शंभर ओलांडते? आणि हा कायदा चौदाव्या वर्षापर्यंत, आठवीपर्यंतच चालतो. नववीच्या मुलाला त्यातलं काही लागू नाही.

दुसरी रेघ ताटाची. शालेय पोषण आहार आठवीपर्यंत आहे. तेरा वर्षांच्या मुलाला शाळेत खिचडी मिळते, आणि त्याच मुलाला पंधराव्या वर्षी, हाडं वाढत असताना, सकाळी सरावाला चार किलोमीटर सायकल मारून येत असताना, शाळेत काही मिळत नाही. बासी भात खाऊन किंवा तसंच उपाशीपोटी तो धावतो. मी मुलांना चक्कर येताना पाहिलं आहे. स्टॅमिना कमी पडतो म्हणून आम्ही त्यांना रागावायचो. कमी पडत होती ती भाकर.

तिसरी रेघ मुलींसाठी आहे आणि ती सगळ्यांत ठळक आहे. पाचवी ते आठवी मैदानावर मुली मुलांइतक्याच असतात. नववीत त्या मैदानाच्या कडेला जातात आणि दहावीत दिसेनाशा होतात. शाळेत धड स्वच्छतागृह नसतं, पाळीच्या दिवसांत विचारायला शिक्षिका नसते, स्पर्धेला बाहेरगावी न्यायला महिला शिक्षक नसतात, आणि घरी भीती असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनं २०१९ ते २१ या काळात नोंदवलं, की महाराष्ट्रात पंधरा ते एकोणीस वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींच्या अंगात रक्त कमी आहे. अशा मुलीला आपण ‘आळशी’ म्हणतो.

हा शब्द मीही वापरला आहे. त्याबद्दल मला आज बोललं पाहिजे.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका ऑगस्टमध्ये पावसात भिजत सराव चालू होता. नववीतला एक मुलगा तिसऱ्या फेरीला खाली बसला. पाय दुखतात म्हणाला. मी त्याला उठवला आणि आणखी एक फेरी मारायला लावली. दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात होता. त्याला सिकलसेल होता. घरच्यांना अर्धवट ठाऊक होतं आणि मला काहीच ठाऊक नव्हतं. तो बरा झाला, पुढे शिकला, आजही भेटला की पाया पडतो. तो वाकतो तेव्हा मला ती तिसरी फेरी आठवते.

गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, नागपूर हा सिकलसेलचा पट्टा आहे. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. ज्या विळ्यानं आपण धान कापतो, त्याच आकाराच्या. अंगातलं पाणी कमी झालं, थंडी बाधली, दम फार लागला, की या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. केंद्र सरकारनं जुलै २०२३ मध्ये याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली, ठिकठिकाणी तपासण्या होत आहेत. पण आपल्या शाळेत कोणाकडे सिकलसेलचं कार्ड आहे, हे पीटीच्या सरांना कोणी सांगतं का? जो वाहक आहे तो खेळू शकतो. त्याला भरपूर पाणी, मधे विसावा आणि हळूहळू वाढवलेला सराव हवा. जो रुग्ण आहे त्याचा निर्णय डॉक्टरांनी करायचा. एवढं ज्ञान प्रत्येक शिक्षकाला एका दिवसाच्या प्रशिक्षणात देता येतं. मला ते मिळालं असतं तर तो मुलगा दवाखान्यात गेला नसता.

खाशाबा जाधवांचं नाव आपण सगळे आदरानं घेतो. १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस आता राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी कुस्तीत कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. ही गोष्ट मी प्रत्येक वर्गाला सांगितली, आणि प्रत्येक वेळी टाळ्या पडल्या.

पण निवृत्त झाल्यावर मला त्या टाळ्यांचं वाईट वाटू लागलं. खर्डेकर सर थोरच होते. मात्र गुरूच्या त्यागाचं कौतुक केलं की आपण मोकळे होतो, आपल्याला काही द्यावं लागत नाही. आजही स्पर्धेला जाताना एसटीचं तिकीट, मुलांचा नाश्ता, फाटलेल्या बुटांच्या जागी नवे बूट, यांतलं बरंचसं शिक्षकाच्या खिशातून जातं. खाशाबांच्या पदकानंतर पुढचं वैयक्तिक पदक यायला देशाला १९९६ पर्यंत, म्हणजे ४४ वर्षं वाट पाहावी लागली. घर गहाण ठेवणारे प्राचार्य मोजकेच भेटणार. खेळ त्यांच्या भरवशावर ठेवता येत नाही.

व्यवस्था उभी राहिली की काय होतं, तेही आपण पाहिलं आहे. मे २०१८ मध्ये आपल्याच विदर्भातल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले. ती मुलं आपल्या मुलांहून वेगळी नव्हती. पण आश्रमशाळेत आठवीनंतरही दोन वेळचं ताट होतं, वर्षभराचं पद्धतशीर प्रशिक्षण होतं, मागे एक खातं उभं होतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे २००९ साली राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि २०२४ साली पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक घेऊन आला. मधली पंधरा वर्षं कोणीतरी त्याच्या राहण्याचा, खाण्याचा, सरावाचा विचार करत होतं.

इथे बसलेल्या तरुणांना एक सांगतो. पहाटे महामार्गाच्या कडेनं तुम्ही पोलीस भरतीसाठी धावता, ते मी पाहतो. सोळाशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक, पन्नास गुण. एकोणिसाव्या वर्षी अचानक धावायला लागल्यावर महिनाभरात नडगी भरून येते, गुडघा बोलू लागतो. तेराव्या वर्षापासून नीट पळायला शिकवलं असतं तर ही वेळ आली नसती. ट्रकच्या दिव्यांत अंधारात धावण्यापेक्षा शाळेचं मैदान पहाटे उघडं मिळावं, हा तुमचा हक्क आहे, तो मागा. आणि खेळाच्या प्रमाणपत्राला सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे म्हणून वय चोरून, न खेळता कागद मिळवायच्या वाटेला जाऊ नका. राज्यात अशी बोगस प्रमाणपत्रं पकडली गेली आहेत. ज्या शिक्षकावर तशी सही करायचा दबाव येतो, त्याच्या पाठीशी गावानं उभं राहावं.

मी गावाकडे मोठं काही मागत नाही. २६ जानेवारीची ग्रामसभा तोंडावर आहे. तिथे तीन ठराव मांडा. पहिला, शाळेच्या मैदानावर वर्षातून दोन गाड्या मुरूम, म्हणजे पावसाळ्यातही एक कोपरा खेळण्याजोगा राहील. दुसरा, नववी-दहावीच्या सरावाला येणाऱ्या मुलामुलींसाठी रोज मूठभर भिजवलेले चणे आणि गूळ. गावात धान आहे, बचतगट आहेत, चाळीस मुलांचे चणे जड नाहीत. तिसरा, मुलींचा संघ बाहेरगावी जाईल तेव्हा गावातल्या दोन आयांनी पाळीपाळीनं सोबत जावं. याशिवाय रोवण्याच्या दहा दिवसांत खेळाडू मुलीला निदान सकाळचा एक तास सोडायचा, एवढं घराघरांनी आपापसात ठरवावं.

ती खो-खोची मुलगी त्या वर्षी स्पर्धेला आली नाही. पुढच्या वर्षी ती नववीत गेली आणि मैदानावर दिसली नाही. आज ती इथून जवळच्याच गावात आहे, तिची मुलगी सातवीत शिकते. मागच्या महिन्यात बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, “सर, माही पोरगी माह्यापेक्षा जोरात पळते जी.”

त्या मुलीला आठवीत जायला अजून पाच महिने आहेत. नववीत ती मैदानावर दिसावी, यासाठी आपल्या हातात जेमतेम दीड वर्ष उरलं आहे.