हनोई आणि भोवतालची कारागीर गावं

व्हिएतनामची राजधानी हनोई पाहायला जाणार असाल, तर एक दिवस शहराबाहेरच्या कारागीर गावांसाठी राखून ठेवा. लाल नदीकाठचं बात च्यांग मातीच्या चकचकीत भांड्यांसाठी प्रसिद्ध. तिथवर शहराची बस जाते. पण मला विचाराल, तर बाक निन्ह भागातलं दोंग हो चुकवू नका. इथली लाकडी ठशांची चित्रं झाडाच्या सालीपासून केलेल्या कागदावर छापतात. कागदाला आधी शिंपल्यांची पूड खळीत कालवून फासतात, म्हणून तो उजेडात किंचित चमकतो. काळा रंग जाळलेल्या बांबूच्या पानांचा. प्रत्येक रंगाला वेगळा ठसा, आणि काळी रेघ सगळ्यात शेवटी. नववर्षाला, म्हणजे तेतच्या सणाला, ही चित्रं घरात लावतात. डुकरीण आणि तिची पिल्लं हा तर फारच लाडका विषय!

हनोईच्या जुन्या पेठेतल्या गल्ल्याही आपल्या पुण्याच्या तांबट आळीसारख्या धंद्यांवरून ओळखल्या जातात. हांग बाक चांदीची, हांग मा कागदी पूजासाहित्याची. तिथला रस्ता ओलांडताना मात्र धावू नका, मध्येच थबकू नका. संथ चालत राहा. स्कूटरवाले वळसा घालून जातात. बस किंवा मोटार आली, तर आपणच थांबलेलं बरं.