कमी दराची निविदा आणि दूरचा कारखाना
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून साहित्याविषयी किंवा संगीताविषयी काही ऐकावयास मिळेल, या अपेक्षेने आपण आला असाल; आणि आम्ही बोलणार आहोत ते पोलादाविषयी, निविदांविषयी आणि चिनी कारखान्यांविषयी. त्याबद्दल प्रारंभीच क्षमा मागतो. परंतु तिरुचिरापल्लीच्या या वसाहतीत आपण मराठी माणसे एकत्र आलो ती बॉयलरच्या कारखान्यामुळे. तंजावर येथून तासाभराच्या अंतरावर आहे खरे, पण भोसले राजांच्या पाठोपाठ काही आपण येथे आलो नाही. नेमणूकपत्राच्या पाठोपाठ आलो. ज्या विद्येने आपणांस घरापासून इतक्या दूर आणले, तिच्याविषयी एक संध्याकाळ बोलणे अप्रस्तुत ठरू नये.

२०१९ साली आम्ही उभयता मुलीकडे कॅलिफोर्नियात गेलो होतो. ती ओकलंडला राहते आणि कामासाठी खाडीवरचा पूल ओलांडून रोज सॅन फ्रान्सिस्कोला जाते. आपल्या मंडळातील कितीतरी घरांची मुले त्या बाजूस आहेत; त्यांच्यापैकी अनेकांच्या चाकांखालून हा पूल गेला असेल. १७ ऑक्टोबर १९८९ रोजी झालेल्या भूकंपात जुन्या पुलाच्या वरच्या मजल्याचा एक भाग खालच्या मजल्यावर कोसळला आणि एकास प्राण गमवावे लागले. पुढे पुलाचा पूर्वेकडील अर्धा भाग नव्यानेच बांधावयाचे ठरले. तो २ सप्टेंबर २०१३ रोजी खुला झाला. खर्च सुमारे ६४० कोटी डॉलर.

या पुलाची रचना थोडी समजून घ्यावयास हवी. साधारण झुलत्या पुलाची तार दोन्ही तीरांवर जमिनीत खोल रोवलेली असते. येथे एकच अखंड तार, १६० मीटर उंचीच्या एकाच मनोऱ्यावरून जाऊन पुन्हा पुलाच्या पोलादी पाटालाच बांधलेली आहे. म्हणजे पाटाने वाहनांचे ओझे तर पेलावयाचेच, शिवाय स्वतःला धरून ठेवणाऱ्या तारेचा ताणही सोसावयाचा. असा पाट हा रस्ता नव्हे, ते एक यंत्रच म्हणावयास हवे, आणि त्याचे सारे बळ वेल्डिंगच्या सांध्यांत साठलेले आहे.

हा पाट आणि मनोरा शांघायजवळच्या चांगशिंग बेटावर तयार झाला. केंद्र सरकारचा पैसा घेतला असता तर अमेरिकन पोलादाची अट लागू झाली असती. म्हणून राज्याने त्या पैशावर पाणी सोडले. २००६ साली सुमारे १४३ कोटी डॉलरचे कंत्राट दोन अमेरिकन कंपन्यांच्या संयुक्त मंडळीस मिळाले व त्यांनी पोलादाचे काम झेडपीएमसी या चिनी कंपनीकडे सोपविले. चीनमध्ये काम केल्याने ४० कोटी डॉलर वाचले, असा हिशेब त्या वेळी सांगण्यात आला. ही कंपनी चीनच्या सरकारी मालकीची. बंदरांवरील अजस्र क्रेन बांधण्यात जगात अग्रेसर. त्याबाबत तिच्या कौशल्याविषयी कोणीच शंका घेऊ नये. परंतु अशा जातीचा पूल तिने तोवर बांधलेला नव्हता.

सुरुवातीच्या कामातच सांध्यांमध्ये भेगा आढळल्या. तपासणीचे काम ज्या खासगी संस्थेकडे होते तिने इशारे दिले. पुढे ते काम दुसऱ्या संस्थेकडे गेले. काम लांबू लागले, तेव्हा ते वेळेत व्हावे म्हणून सरकारने वर पैसे मोजले. २०१४ साली राज्याच्या सिनेटच्या समितीने याची चौकशी केली. खात्याचे म्हणणे असे की दोष दुरुस्त करून घेतले आणि पूल सुरक्षित आहे. पूल उभा आहे, आमची मुलगी त्यावरून जाते, आणि तो पडेल असे आमचे म्हणणे नाही. आम्हांस प्रश्न पडतो तो वेगळा.

तो सांगण्यापूर्वी न्यायाची एक गोष्ट सांगावयास हवी. पूल खुला होण्याच्या सहा महिने आधी, मार्च २०१३ मध्ये, भूकंपरोधक आधारांना जखडणाऱ्या ९६ पोलादी दांड्या ताणून बसविल्या तेव्हा त्यांतील ३२ तुटल्या. पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ झाले होते. आणि या दांड्या चीनमधून नव्हे, अमेरिकेतल्याच ओहायो राज्यातून आल्या होत्या! तेव्हा चिनी तेवढे वाईट आणि आपले तेवढे चांगले, असा सोपा निवाडा करून कोणी घरी जाऊ नये.

आमचा प्रश्न असा, की सांधा वाईट झाला तर तो थांबविण्याचा अधिकार कोणाला आहे, आणि तो अधिकार वापरण्याची त्याची ताकद किती? आपल्यापैकी जे शॉपमध्ये होते त्यांना ‘होल्ड पॉइंट’ हा शब्द सांगावयास नको, इतरांसाठी सांगतो. कामात काही टप्पे असे असतात की तपासनिसाची सही झाल्याखेरीज पुढचे पाऊल टाकावयाचे नाही. कागदावर हे फार सोपे दिसते. आमच्या उमेदीच्या काळात एका मार्चअखेरीस, ड्रम दुसऱ्या दिवशी रवाना व्हावयाचा असताना, एक वयोवृद्ध तमिळ वेल्डर रात्री आमच्याकडे आले आणि स्वतःच्या सांध्यावर खडूने खूण करून म्हणाले, “हा कापा.” क्ष-किरणाच्या फिल्मवर तो सांधा उत्तीर्ण होता. त्यांना मात्र वेल्डिंग करताना हाताला काही वेगळे जाणवले होते. आम्ही कापला. आत भेग होती. फिल्मवर दिसणार नाही अशा दिशेने गेलेली. रवानगी चार दिवस चुकली, वरून बोलणी बसली, पण कोणाची नोकरी गेली नाही.

हे का घडू शकले? ते वृद्ध गृहस्थ आणि आम्ही एकाच वसाहतीत राहत होतो, एकाच दुकानात रांगेत उभे राहत होतो, आणि ड्रम फुटला असता तर कोणाला उत्तर द्यावे लागेल हे दोघांनाही ठाऊक होते. दहा हजार किलोमीटर दूरच्या बेटावर, दुभाष्यामार्फत, जहाजाची तारीख ठरलेली असताना, परक्या सरकारच्या मालकीच्या कारखान्यात खडूची ती खूण कोण करणार? आणि केली तरी ती कोण वाचणार?

आता आपल्याकडे वळू. या शतकाच्या पहिल्या दशकात चिनी बॉयलर आणि टर्बाइन आपल्या वीजकेंद्रांत मोठ्या संख्येने आले, ते दर कमी आणि माल लवकर म्हणून. त्या वर्षांत या गावाला काय वाटत होते ते आपण विसरला नसाल. (आपले भाव व मुदती यांतही सुधारणेला पुष्कळ जागा होती, हेही मान्य करू.) २००९ साली व्हिसाचे नियम कडक झाले तेव्हा चिनी तंत्रज्ञांना परतावे लागले आणि कित्येक केंद्रांची कामे रखडली. यंत्र आपल्या भूमीवर आणि ते जाणणारा माणूस सीमेपलीकडे, अशी ती अवस्था! जुलै २०१२ मध्ये सरकारने अशा यंत्रसामग्रीवर एकूण २१ टक्के कर बसविला, पण तोवर बरीच यंत्रे येऊन उभी राहिली होती.

दुसरे उदाहरण पूर्वेकडील मालवाहू रेल्वेमार्गाचे. जून २०१६ मध्ये कानपूर ते मुगलसराय या ४१७ किलोमीटरवरील सिग्नल व दूरसंचाराचे ४७१ कोटी रुपयांचे काम बीजिंगच्या एका रेल्वे संस्थेस दिले. चार वर्षांत काम झाले २० टक्के. इंटरलॉकिंगच्या रचनेसारखी तांत्रिक कागदपत्रे देण्यास ती संस्था राजी नव्हती, अशी रेल्वेची तक्रार होती. जुलै २०२० मध्ये, गलवानच्या झटापटीनंतर महिन्याभरात, कंत्राट रद्द झाले. हा मुद्दा आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. सिग्नलचा खांब उभा करणे कठीण नाही. कोणता सिग्नल कोणत्या क्रमाने हिरवा व्हावा हे ठरविणारे तर्कशास्त्र आपल्या हाती नसेल, तर आपल्याच रुळांवर आपण पाहुणे. त्याच जुलैच्या २३ तारखेस शेजारी देशांतील कंपन्यांना सरकारी निविदा भरण्याआधी नोंदणी सक्तीची झाली.

नागपूरच्या मंडळींकडून लगेच उत्तर येईल की आमची मेट्रो २०१९ पासून चिनी डब्यांतून धावते आहे आणि तिचे काही बिघडलेले नाही. खरे आहे, गेल्या दिवाळीत आम्हीही तीतून प्रवास केला, डबे उत्तम आहेत. पण कोलकात्याच्या मेट्रोसाठी दालियनहून पहिली गाडी मार्च २०१९ मध्ये आली आणि प्रवाशांना तीत बसावयास मिळाले मार्च २०२३ मध्ये, तेही ध्यानात ठेवावे.

परदेशी मदत घेऊच नये, असे तर या गावातील माणसाने म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. १९६५ साली आपला कारखाना उभा राहिला तो झेकोस्लोव्हाकियाच्या साहाय्याने. आम्ही नंतर आलो. पण त्या तज्ज्ञांनी इथल्या पोरांचे हात धरून वेल्डिंग शिकविल्याच्या गोष्टी आमच्या वरिष्ठांकडून ऐकल्या. ते गेले आणि विद्या येथे राहिली. दहा वर्षांत, १९७५ साली, वेल्डिंगची संशोधनसंस्था याच गावात निघाली. शांघायहून पूल आला तेव्हा कॅलिफोर्नियात असे काय राहिले?

आपल्या घरांतील मुले-मुली आज रेल्वेत, मेट्रोत, वीजमंडळांत अधिकारपदावर आहेत. कोणी निविदा समितीवरही बसत असतील. त्यांच्यासाठी दोनच गोष्टी सांगतो. ‘एल वन’ ठरविताना तपासनिसांच्या मुक्कामाचा, दुरुस्तीचा, सुट्या भागांचा आणि पुढील तीस वर्षांच्या देखभालीचा खर्च त्याच कागदावर मांडावा. आणि ड्रॉइंग व सिग्नलचे तर्कशास्त्र हाती येईपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नये. मग कंपनी कोठलीही असो.

त्या पुलाला ओकलंडच्या बाजूने पायवाट आहे. आम्ही चाळीस वर्षांची सवय म्हणून कठड्यावरून वाकून सांधे पाहत होतो. सर्वत्र पांढरा रंग. काही दिसले नाही. नातवाला वाटले की आजोबांचे काही खाली पडले.