रात्रीची फीत कोठे अडते?



गोव्यात शेतजमिनीचा एक-चौदाचा उतारा आज संगणकावरून मिळतो. जुन्या दफ्तराला वाळवी लागली तर ती डोळ्यांना दिसे तरी. संगणकातील नोंद नाहीशी होते ती निःशब्दपणे. यास्तव मोठ्या संगणक केंद्रांतून नोंदींची दुसरी प्रत रात्री चुंबकीय फितीवर उतरवून ठेवण्याचा प्रघात आहे. फितीला कालबाह्य म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी २०११ चा फेब्रुवारी महिना आठवावा. आज्ञावलीतील दोषामुळे जीमेलच्या सुमारे ०.०२ टक्के ग्राहकांची पत्रे नाहीशी झाली, तेव्हा गूगलने ती अखेर फितींवरूनच परत आणली.

फिती अनेक असल्या म्हणजे त्या बदलण्यासाठी ऑटोचेंजर हे यंत्र लागते. खणांचे एक कपाट आणि हवी ती फीत उचलून ड्राइव्हमध्ये घालणारा यांत्रिक हात, असे त्याचे स्वरूप असते. त्यावर काम करणारी बॅक्युला ही आज्ञावली केर्न सिबॉल्ड यांनी २००० साली हाती घेतली. (बॅकअप आणि ड्रॅक्युला यांच्या संयोगातून हे नाव झाले, रात्रपाळीला ते शोभतेही.) परंतु बॅक्युला त्या हाताशी थेट बोलत नाही. मध्ये ‘एमटीएक्स-चेंजर’ नावाची छोटी स्क्रिप्ट असते. फीत घाल, फीत काढ, आत कोणती आहे ते सांग, यादी दे, खण किती ते सांग, असे निरोप ती पोहोचवते. साहेब आणि कोठीवाला दोघेही कामसू असावेत आणि निरोप्या मध्येच अडखळावा, तसे येथे वारंवार घडते. यंत्राला दोष देण्याची घाई त्यामुळेच व्यर्थ ठरते.

सर्वांत फसवी अडचण अधिकाराची. व्यवस्थापक दिवसा सर्वाधिकारी या नात्याने स्क्रिप्ट चालवून पाहतो आणि ती बिनचूक चालते. रात्री तीच स्क्रिप्ट बॅक्युलाच्या मर्यादित अधिकाराच्या खात्यातून चालते, आणि यंत्राचे दार तिला उघडत नाही. दुसरी अडचण प्रतीक्षेची. फीत आत गेली तरी ड्राइव्ह लगेच सिद्ध होत नाही. स्क्रिप्ट त्याची स्थिती पुन्हा पुन्हा विचारते आणि उत्तरात एक ठरावीक शब्द शोधते. स्थिती सांगणाऱ्या ‘एमटी’ या साधनाचे निरनिराळे प्रकार निरनिराळे शब्द वापरतात. शब्द जुळला नाही, तर सज्ज ड्राइव्हसमोरही स्क्रिप्ट वाट पाहत बसते. काही ड्राइव्ह आधी ‘ऑफलाइन’ केल्याखेरीज फीत सोडत नाहीत. शिवाय खणांची मोजणी १ पासून आणि ड्राइव्हची ० पासून, हा घोळ आहेच.

पहाटे काम अर्धवट राहिले, तरी सकाळी खिडकीवर उतारे मिळतच राहतात. मूळ साठवण बिघडेपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. म्हणून स्क्रिप्टची परीक्षा बॅक्युलाच्याच खात्यातून, एकेक आज्ञा सुटी देऊन घ्यावी: आधी यादी, मग फीत घालणे, मग स्थिती, मग काढणे. प्रत्येक वेळी परत येणारा अंक पाहावा; शून्य म्हणजे यश. त्यानंतर एखादी फाइल फितीवरून परत आणून मुळाशी ताडून पाहावी. मात्र हाताने आज्ञा देताना बॅक्युलाची सेवा थांबविलेली असावी. एरवी एकाने काढलेली फीत दुसरा ड्राइव्हमध्येच आहे असे समजून चालतो, आणि नवाच बिघाड शोधत बसावे लागते.