लोककथेतली द्रौपदी

कारेलीबागेत शाहीर विठ्ठल उमपांविषयी बोलण्यापूर्वी एक कबुली द्यावयास हवी. द्रौपदीच्या मनात कर्ण होता, ही लोककथा व्यासांच्या महाभारतात नाही. म्हणून वर्गात मी ती ‘अपभ्रष्ट’ ठरवीत असे. एका विद्यार्थ्याने तिच्यावर प्रबंध लिहू का, असे विचारले. मी नकार दिला. पुढे उमपांचे ‘जांभूळ आख्यान’ पाहिले. एकच गायक क्षणात निवेदक होई, क्षणात लाजणारी द्रौपदी! तुटलेले जांभूळ पुन्हा देठाला लागायचे, तर मनातले लपवून चालत नाही, हे माझ्या निरक्षर आजीला ठाऊक होते. (मला मात्र पदवीने अडविले.) २०१० साली शाहीर गेले. तो विद्यार्थी पुन्हा माझ्याकडे आला नाही.