उंदराला अपयश आल्यावर

उंदराला नैराश्य येतं का, या प्रश्नाचं उत्तर संशोधकांनी बराच काळ पाण्यात शोधलं. रॉजर पोर्सोल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली मांडलेली चाचणी अशी: पाणी भरलेल्या उंच काचपात्रात उंदीर सोडायचा. बाहेर पडायला वाट नाही. तो धडपडतो, भिंतीवर चढू पाहतो आणि मग नाक वर राहील इतपतच पाय हलवत तरंगत राहतो. या स्तब्धतेला हताशपणा म्हटलं गेलं. नैराश्यावरची औषधं दिली की ती घटते, म्हणून नवी औषधं पारखायला ही चाचणी सर्रास वापरली गेली. मला तो अर्थच मान्य नाही. सुटका नाही हे कळल्यावर जो जीव ताकद राखून ठेवतो, तो खचला म्हणायचं की शिकला?

नैराश्याने ग्रासलेल्या माणसाकडे पाहा. दहाजणांनी कौतुक केलं आणि एकाने नाक मुरडलं, तर रात्रभर त्याच्या डोक्यात तो एकच राहतो. १९९०च्या दशकात केंब्रिजच्या संशोधकांनी अशा रुग्णांना चाचण्या दिल्या. उत्तर चुकलं असं कळलं, की पुढचंही चुकण्याची शक्यता त्यांच्यात वाढलेली दिसली.

एका अपयशाने तू किती हळवा होतोस, हा प्रश्न उंदरालाही विचारता येतो. पिंजऱ्यात दोन दांड्या असतात. एक दाबली तर शंभरातल्या ८० वेळा खाऊ मिळतो, दुसरीला फक्त २० वेळा. म्हणजे बरोबर दांडीही अधूनमधून रिकामी जाते. त्या फसव्या अपयशानंतर उंदीर तिथेच टिकतो, की लगेच दुसरीकडे वळतो? सलग आठ वेळा योग्य दांडी दाबली की दांड्यांची अदलाबदल होते, त्यामुळे हट्टाने एकीलाच चिकटून राहणंही उपयोगाचं नाही. खाऊ मिळाल्यावरही जो दांडी बदलतो तो हळवा नव्हे, नुसता गोंधळलेला; म्हणून दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या मोजाव्या लागतात.

२०१० साली केंब्रिजमधूनच एक महत्त्वाचा निष्कर्ष आला. सिटालोप्राम या नैराश्यावरच्या औषधाच्या एका छोट्या मात्रेने, वजनाच्या किलोमागे १ मिलिग्रॅमने, उंदीर अपयशाला अधिक बिचकू लागले. १० मिलिग्रॅमने मात्र कमी बिचकले. एकच औषध, परिणाम उलट! छोट्या मात्रेने सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन सोडणाऱ्या पेशींना लगाम बसत असावा, असा त्याचा अर्थ लावला गेला.

पोलंडमधल्या क्राकोव्ह शहरात राफाल रिगुला यांच्या गटाने पुढचा प्रश्न विचारला: हा हळवेपणा त्या दिवसापुरता, की स्वभावच? त्याच उंदरांची पुन्हा पुन्हा चाचणी घेतल्यावर तो टिकाऊ गुण दिसला. माझ्या मते या कामाचं मोल इथे आहे. सगळे उंदीर सारखे धरून सरासरी काढली असती, तर उंदराउंदरातला हा फरक हाती लागलाच नसता. हे उंदीर उदास आहेत असं मात्र मी म्हणणार नाही. नैराश्याच्या अनेक धाग्यांपैकी एक इथे मोजता येतो, एवढंच.

पोहण्याची चाचणी मिनिटांत आटोपते. दांड्यांचं शिक्षण कित्येक आठवडे चालतं. ते आठवडे संशोधकांनी द्यावेत आणि निधी देणाऱ्यांनी त्यासाठी थांबावं, असा माझा आग्रह आहे.