उंच डोंगरांवरील एकदिवसीय चढाई : निवड आणि पूर्वतयारी

(शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतमी या तीन नद्यांच्या संगमावर वसलेल्या भामरागडच्या परिसरात चालणे हा कोणाचा छंद नव्हे, तो येथील जीवनक्रम आहे. मोहफुले वेचण्यासाठी, तेंदूपाने तोडण्यासाठी, आठवडी बाजारासाठी माडिया कुटुंबातील मूल आईवडिलांच्या मागे कितीतरी कोस सहज चालून जाते. अशा मुलाच्या पायात बळ आहे काय, हा प्रश्न विचारण्याचे कारणच उरत नाही.

या बळाला योग्य शिक्षणाची जोड मिळाली म्हणजे काय घडते, हे शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्याने दाखवून दिले आहे. आदिवासी विकास विभागाच्या 'मिशन शौर्य' या उपक्रमात आश्रमशाळांतील विद्यार्थ्यांची निवड झाली आणि मे २०१८ मध्ये मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काठमोडे व विकास सोयाम हे पाच विद्यार्थी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. त्यांची नावे आज सर्वांना ठाऊक आहेत. परंतु त्या नावांमागील क्रम तितकासा ध्यानात घेतला जात नाही. आधी निवड, मग प्रस्तरारोहण, नंतर दार्जिलिंग व लडाख येथील थंडीतील सराव, आणि अखेरीस शिखर, अशा पायऱ्यांनी ती मुले वर गेली. पायरी गाळून कोणीही वर गेले नाही.

हे यश पाहून आपल्या शाळेतील मुलांनाही उंच डोंगर दाखवावा, निदान सकाळी निघून सायंकाळी परतता येईल अशी एखादी चढाई घडवावी, ही इच्छा शिक्षकांच्या मनात येणे स्वाभाविक व स्वागतार्ह आहे. मात्र कोणता डोंगर निवडावा आणि कोणत्या मुलाला किती उंचीवर न्यावे, याचा निर्णय उत्साहाच्या भरात होऊ नये.

उंचीचा अर्थ

गडचिरोली जिल्ह्यातील डोंगर हजार मीटरांच्या आतले आहेत आणि नदीकाठची गावे तर त्याहून कितीतरी खाली आहेत. येथे वाढलेल्या मुलाचे शरीर दाट हवेला सरावलेले असते. उंचावर हवा विरळ होत जाते. दीड हजार मीटरांच्या थोडे वर गेले की हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे चार-पंचमांश उरतो. साडेतीन हजार मीटरांवर तो सुमारे दोन-तृतीयांश होतो आणि साडेपाच हजार मीटरांवर निम्मा. प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायू त्याच प्रमाणात घटतो. शिवाय दर हजार मीटरांमागे तापमान सर्वसाधारणपणे सहा ते साडेसहा अंश सेल्सिअसने उतरते.

विरळ हवेचा त्रास अशक्त मुलालाच होतो, ही समजूत चुकीची आहे. उलट, ज्याचे पाय मजबूत आहेत तो भराभर वर जातो, शरीराला जुळवून घेण्यास अवधी देत नाही आणि सर्वांआधी आजारी पडू शकतो. रानात सर्वांत पुढे धावणारा मुलगाच पथकप्रमुखाने सर्वांत जास्त सांभाळावा लागतो.

चार पायऱ्या

म्हणून निवड पायरीपायरीने करावी. पहिली पायरी घराजवळची. तालुक्यातील टेकड्या, किंवा जिल्ह्याच्या उत्तर भागातील टिपागडाचा जुना किल्ला येथे दिवसभराची चाल घडवून मुलांची शिस्त, पाणी पिण्याची सवय व एकमेकांना सांभाळण्याची वृत्ती पाहता येते. त्यासाठी वन विभागाची परवानगी घ्यावी आणि पोलीस ठाण्यास पूर्वसूचना द्यावी.

दुसरी पायरी कळसूबाईची. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील हे शिखर १,६४६ मीटर उंच असून राज्यात सर्वोच्च आहे. बारी गावातून वर जाणाऱ्या वाटेवर अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत. येथे विरळ हवेचा त्रास सहसा होत नाही. पण चढाची दमछाक, वारा आणि उंचीची भीती यांची ओळख होते. पावसाळ्यात कातळ निसरडा असतो आणि उन्हाळ्यात सावली नसते, म्हणून हिवाळा उत्तम. विदर्भातून मध्य प्रदेशात जाणे सोयीचे वाटल्यास पचमढीजवळचे १,३५२ मीटर उंचीचे धूपगड हाही चांगला पर्याय आहे.

तिसरी पायरी हिमाचल प्रदेशातील धर्मशाळेजवळच्या त्रिउंडची. ही जागा सुमारे २,८५० मीटरांवर आहे. धरमकोटहून निघून एका दिवसात परतता येते.

चौथी पायरी उत्तराखंडातील तुंगनाथ व त्यावरील चंद्रशिला. चोपता येथून मंदिरापर्यंत सुमारे साडेतीन किलोमीटर आणि तेथून शिखरापर्यंत आणखी दीड किलोमीटर वाट आहे. अंतर भामरागडच्या मुलाला हसण्याइतके थोडे. पण वाट साडेतीन हजार मीटरांच्या घरात जाते आणि तेथे अंतराचा हिशेब चालत नाही. स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये सांगितलेला नियम आजही उपयोगी पडतो : दर पाच किलोमीटरांस एक तास, आणि दर सहाशे मीटर चढास आणखी एक तास. त्या हिशेबाने ही चढाई अडीच तासांची ठरते. विरळ हवा आणि मुलांचा समूह लक्षात घेऊन चार ते पाच तास धरावेत.

सर्वांत आधी रक्ततपासणी

निवड करताना पाय, छाती आणि उत्साह पाहिला जातो. रक्त पाहिले जात नाही. या जिल्ह्यात मात्र आरंभ तेथूनच झाला पाहिजे, कारण येथील आदिवासी समाजात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे.

सिकलसेल हा आनुवंशिक रक्तदोष आहे. आई आणि वडील या दोघांकडून दोष आल्यास मूल रुग्ण होते. एकाकडूनच आल्यास ते केवळ वाहक राहते. वाहक मूल गावात निरोगी असते. खेळते, धावते, लाकडाची मोळी आणते. एवढेच नव्हे, तर हा गुण एकपट असल्यास घातक मलेरियापासून बऱ्याच अंशी संरक्षण मिळते, हे १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी दाखवून दिले. मलेरियाच्या रानात ज्या गुणाने पूर्वजांना तारले, तोच गुण विरळ हवेत भार होऊ शकतो. प्राणवायूची कमतरता, थंडी, दगदग आणि शरीरातील पाण्याची घट हे सर्व एकत्र आले की लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि विशेषतः प्लीहेला इजा पोहोचू शकते. डाव्या बरगडीखाली तीव्र वेदना हे त्याचे लक्षण. अशा मुलास बसवून ठेवू नये; तातडीने खाली आणून रुग्णालयात न्यावे.

तेव्हा नियम सोपा ठेवावा. सहलीपूर्वी प्रत्येक मुलाची सोल्युबिलिटी चाचणी व्हावी आणि ती सदोष आल्यास इलेक्ट्रोफोरेसिस वा एचपीएलसी तपासणीने निदान निश्चित करावे. रुग्ण मुलास उंचावर नेऊ नये. वाहक मुलाने पहिल्या दोन पायऱ्या आनंदाने चढाव्यात; अडीच हजार मीटरांपलीकडचा निर्णय वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या लेखी सल्ल्यावाचून घेऊ नये. राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले असून शासकीय आरोग्य यंत्रणेमार्फत ही तपासणी केली जाते.

येथे पंचायत सदस्यांची जबाबदारी मोठी आहे. तपासणीचा निकाल पालक, डॉक्टर व जबाबदार शिक्षक यांच्यापुरताच राहावा. वर्गात यादी वाचून दाखविणे, 'हा चालणार नाही' असे चारचौघांत म्हणणे, याने मुलाच्या, आणि पुढे मुलीच्या लग्नाच्या वेळी साऱ्या कुटुंबाच्या वाट्याला अकारण मानहानी येते. चंद्रशिलेवर न गेलेले मूल तळावर हवामानाची नोंद ठेवू शकते, नकाशा वाचू शकते, वेळेचा हिशेब सांभाळू शकते. ही कामे मोहिमेचीच आहेत आणि ती आदराने सोपवावीत.

मलेरियाचीही आठवण ठेवावी. येथून निघालेल्या मुलास प्रवासात ताप आला तर तो उंचीचा वा थंडीचा म्हणून सोडून देऊ नये. मलेरियाच्या शीघ्र चाचणीचे संच सोबत असावेत आणि डॉक्टरांना मूल कोणत्या भागातून आले आहे, हे न विसरता सांगावे.

तयारी आणि प्रवास

तयारीस तीन महिने मिळावेत. आठवड्यातून तीन-चार दिवस चढउतारावर, हळूहळू वाढत्या ओझ्यासह चाल असावी. नवे बूट प्रवासाच्या दिवशी वाटू नयेत. ज्या मुलांना अनवाणी वा चपलेत चालण्याची सवय आहे, त्यांनी ते निदान महिनाभर आधीपासून वापरावेत. फोड येऊन परतणारे पथक थकून परतणाऱ्या पथकाहून कमी नसते. लोकरी स्वेटर, कानटोपी, हातमोजे, रेनकोट, शिट्टी, विजेरी आणि प्रत्येकी दोन लिटर पाणी आवश्यक. खाण्यास गूळ-शेंगदाणे, फुटाणे, चिक्की यांसारखे मुलांच्या ओळखीचे पदार्थ बरे.

बस आणि रेल्वेच्या लांब प्रवासानंतर लगेच चढाई करू नये. चोपत्यास जाताना सुमारे १,३०० मीटरांवरील उखीमठला एक मुक्काम आणि चोपत्यास निदान एक मुक्काम करून तिसऱ्या दिवशी पहाटे निघावे. दुपारी ढग दाटतात. म्हणून माथ्यावर असो वा नसो, ठरलेल्या वेळेस सर्वांनी मागे फिरावे. ती वेळ आदल्या रात्री मुलांसमोर जाहीर करावी, म्हणजे शिखर पन्नास पावलांवर दिसत असताना वाद होत नाही.

डोकेदुखी, मळमळ, चक्कर, अन्न नकोसे होणे ही पहिली सूचना समजावी. तेथे चढ थांबवावा. सरळ रेषेत पावलाला पाऊल लावून चालता न येणे, बसल्या जागी धाप लागणे, बोलण्यात गोंधळ होणे ही धोक्याची लक्षणे आहेत. त्यावर विश्रांती हा उपाय नव्हे. मोठ्या माणसाच्या सोबतीने ताबडतोब उतरणे हाच उपाय होय. दुखणे सांगणाऱ्या मुलास भित्रा म्हटले गेले, तर पुढचे मूल दुखणे लपवील. कमी बोलणाऱ्या, परक्या मुलखात बुजलेल्या माडिया मुलाच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवावे. त्याची भाषा जाणणारा एक तरी शिक्षक पथकात असावा.

एव्हरेस्टवर पोहोचलेल्या पाच विद्यार्थ्यांनी या भागातील मुलांच्या सामर्थ्याबद्दलची शंका कायमची मिटविली आहे. आता सिद्ध करावयाचे आहे ते मोठ्यांच्या नियोजनाचे सामर्थ्य. जेवढी मुले संगमावरून निघाली, तेवढीच सुखरूप परतली, आणि प्रत्येकाने आपल्या शरीरास झेपेल तेवढा डोंगर पाहिला, म्हणजे ती सहल यशस्वी झाली असे समजावे.